काटा वर चढताना

आज या गाडीला बोलतं करायचंच, असं ठरवून सुरुची सकाळी साडेनऊला पार्किंगमध्ये उतरली. उद्या, सोमवारी, वाघोलीहून रावसाहेब नावाचे गृहस्थ गाडी न्यायला येणार होते. एकदा ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली, की मग विचारायचं कोणाला?

गाडी तेवीस वर्षांची. रंग पांढरा, पण तो पांढरेपणा केव्हाच साईसारखा पिवळसर झालेला. सुरुचीचे वडील यज्ञेश्वर लांजेवार हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होते. भंडाऱ्याहून पुण्यात आले तेव्हा त्यांच्याजवळ पत्र्याची एक पेटी होती. निवृत्त झाले तेव्हा मांजरीतला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि ही गाडी. स्वारगेटमागच्या दत्तोबा मेकॅनिकचा अपवाद सोडला, तर त्यांनी गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता. खुद्द सुरुचीचाही फारसा नाही.

अडीच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी सव्वा वाजता बाबांच्या छातीत कळ आली. सुरुची राहायला खराडीत, पण शनिवार म्हणून जेवायला आली होती. अँब्युलन्सवाल्याने अर्धा तास सांगितला. मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी ‘तीन मिनिटांत’ म्हणत म्हणत उसाच्या शेतापलीकडे घिरट्या घालत राहिली. शेवटी तिने खुंटीवरची किल्ली घेतली. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, सीट थोडी मागे पाडली. आई मागे बसली. कॅम्पातल्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता अर्ध्याहून जास्त नीट पार पडला. रामटेकडीच्या पुलाखाली बॉनेटच्या कडांतून वाफ यायला लागली आणि गाडी थांबली. एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला ट्रक, मागे हॉर्न. एक रिक्षावाला कबूल होऊन बाबांना त्या रिक्षात घालेपर्यंत बावीस मिनिटं गेली. तेव्हा तिने घड्याळ पाहिलं नव्हतं. नंतर फोनमधल्या कॉलच्या वेळा एकाखाली एक लावून तिने ती बावीस मिनिटं शोधून काढली.

दवाखान्यात पोचल्यावर बाबा चाळीस मिनिटं होते.

उशीर झाला का, असं तिने डॉक्टरांना विचारलं होतं. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, “लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. पण हे आम्ही सगळ्यांनाच सांगतो.”

दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊन एखादीने निभावून नेलं असतं. सुरुचीला पहिलंच पुरलं.

गाडी का तापली? जुनी होती म्हणून, की आपण काही चुकवलं म्हणून? बाबा हीच गाडी दर गुरुवारी, आईला शेजारी बसवून, मंडईपर्यंत न्यायचे. हाच रस्ता, हीच गर्दी. त्यांच्या हाताखाली ती कधी उकळली नाही. सुरुचीच्या हाती आली आणि नेमकी त्याच दिवशी उकळली. एवढं एकच तिला कळायला हवं होतं. कोणाला सांगायला नाही, आपलं आपल्याला.

म्हणून तिने वाचायला घेतलं. वाचणं हा तिचा लहानपणापासूनचा आसरा. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका तिने कादंबरी वाचावी तशी पहिल्या पानापासून वाचली. मग इतरही बरंच काही. इंजिन तापायची कारणं मोजकीच असतात. पाणी कमी असतं, किंवा पाणी फिरवणारा पंप गेलेला असतो, किंवा ते अडवणारा-सोडणारा वॉल्व्ह अडकलेला असतो. रेडिएटरची जाळी बुजलेली असते, नाहीतर तिच्यावर वारा घालणारा पंखा बंद असतो. फारच वाईट असेल तर इंजिनातलं गास्केट उडालेलं असतं. एकेक कारण ती खोडत गेली. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल पाणी मिसळून दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे गास्केट शाबूत. कोपऱ्यावरच्या गॅरेजातला सोनू येऊन एक नळी बदलून गेला. “मॅडम, हेच असणार,” म्हणाला, आणि त्यातल्या ‘असणार’ने तिची एक रात्र खाल्ली. पुढे एका पहाटे ती एकटीच थेऊरपर्यंत जाऊन आली. मोकळा रस्ता. तापमानाचा काटा मधल्या रेघेवर जो बसला तो घरी येईपर्यंत हलला नाही. म्हणजे पाणी फिरत होतं, वॉल्व्ह उघडत होता.

राहता राहिला पंखा. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच जाळीला थंड ठेवतो. पंख्याची गरज उभ्या गाडीला. तेव्हा पार्किंगमध्येच इंजिन चालू ठेवून बघावं असं तिने ठरवलं. दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा आठव्या मिनिटाला आईचा वरून फोन आला. चक्कर येतेय, वर ये. दुसऱ्यांदा सहाव्या मिनिटाला आई स्वतःच खाली आली. धुराचा वास घरभर येतोय, शेजारच्या श्रद्धाचं बाळ आत्ता कुठे झोपलंय, बंद कर ते.

आईला ती गाडी नकोच होती. तेरावा झाल्यावर घरच्या व्यवहाराबद्दल ती पहिलं वाक्य बोलली ते हेच, “ती गाडी विकून टाक. डोळ्यांसमोर नको.” त्यात सुरुचीला नवल वाटलं नव्हतं. रावसाहेबांचा नंबरही आईनेच कुठून तरी मिळवला होता.

त्यामुळे काल रात्री जेवताना सुरुची म्हणाली, “विकायच्या आधी एकदा दत्तोबांना दाखवून आणते,” तेव्हा आई मोडता घालणार अशी तिची खात्री होती. आई ताटातला भात चिवडत राहिली. आणि आज सकाळी, सुरुची किल्ली घेऊन निघाली तर वेणूबाई, तिची आई, दारात चपला घालत होत्या.

“तू कशाला? ऊन आहे.”

“ऊन तुला एकटीला लागत नाही का?” आई म्हणाली.

खाली आल्यावर तिने पुढचं दार उघडलं आणि बसली. त्या दिवशी बाबा जिथे होते तिथे. सुरुचीने पाणी पाहिलं, टोपण घट्ट लावलं, किल्ली फिरवली.

मे महिना होता. गाडीचा एसी केव्हाच गेलेला, काचा खाली. मांजरीच्या रस्त्यावर रविवारची विरळ रहदारी होती. सुरुचीची नजर समोर, मग काट्यावर, मग आरशात, मग पुन्हा काट्यावर. काटा थंडगार तळाशी होता. हडपसर गाडीतळापर्यंत तो सावकाश उठून मधल्या रेघेला टेकला. तिथे तो टेकणारच, टेकायलाच हवा, असं पुस्तिकेत लिहिलेलं होतं. तरीही तिच्या हातांना घाम सुटला. स्टिअरिंगवरचा हात काढून तिने तो कुर्त्याला पुसला.

“समोर बघ,” आई म्हणाली. “काट्यात काय बघतेस सारखी?”

“बघावं लागतं.”

“हे नव्हते बघत.”

खरंच, बाबा काट्याकडे बघायचे नाहीत. गाडी चालवताना ते इंजिनाचा आवाज ऐकायचे, आणि कोणी मधे बोललं तर हात वर करायचे.

मगरपट्ट्याचा चौक गेला. रामटेकडी आली तसे तिचे खांदे आपोआप वर चढले. त्या दिवशी घाईत ती पुलावर न चढता खालच्या रस्त्याला लागली होती; आज तिने मुद्दाम डावीउजवीकडे न बघता पूल धरला. पुलावर वारा होता. खाली, कठड्यापलीकडे, ती जागा होती. बघायचं नाही असं ठरवलं तरी डोळ्यांनी ती जागा ओळखली. पत्र्याचं एक शेड, त्याच्यापुढे रसवंतीची गाडी.

तिथपर्यंत येतानाचं सगळं तिला पाठ होतं. सगळ्यांत जास्त, बाबांचा हात. त्यांना बोलता येत नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. पण उजवा हात सारखा पुढे जात होता. समोरच्या कप्प्याच्या खाली, गुडघ्यांपलीकडच्या अंधारात, बोटं काहीतरी चाचपत होती. तिला वाटलं, गोळी शोधताहेत. गोळी तर जिभेखाली देऊन झाली होती. “बाबा, दिलीय गोळी. शांत बसा बघू,” म्हणून तिने तो हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. तो पुन्हा गेला. तिने पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा मात्र तिने तो सोडलाच नाही. डाव्या हातात धरून ठेवला, गिअर बदलायलाही मोकळा केला नाही, आणि गर्दीतून गाडी दुसऱ्या गिअरवर रेटत राहिली. दुसऱ्या गिअरवर रेटलं की इंजिन तापतं हे तिने नंतर वाचलं. वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

पूल उतरला. काटा मधल्या रेघेवर. ती एवढा वेळ श्वास धरून होती, हे तिला श्वास सोडल्यावर कळलं.

“झालं,” ती म्हणाली.

भैरोबा नाल्याच्या सिग्नलच्या बऱ्याच अलीकडे गाड्या थांबलेल्या दिसल्या. पुढे कुठेतरी लग्नाची वरात होती. ताशाचा आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. रांग हात-दोन हात सरकायची आणि थांबायची. डावीकडे एक पीएमपीची बस येऊन उभी राहिली आणि तिच्या इंजिनाची धग खिडकीतून आत आली.

पहिलं मिनिट काही झालं नाही. दुसरंही. मग काट्याने मधली रेघ सोडली.

इतकी थोडी सोडली की दुसऱ्या कोणाला दिसली नसती. सुरुचीने मान तिरपी केली, आपण कोनातून बघतोय का ते पाहिलं. नाही. काटा रेघेच्या वर होता. बघता बघता दोन केस वर. मग बोटभर.

पुढे जागा नाही. मागे स्कूटरींची गर्दी. बाजूला घ्यायला डावीकडे बस. इंजिन बंद करावं, तर पुन्हा चालू होईल का? चालू ठेवावं, तर किती वेळ? तिला आठवलं, हीटर लावायचा. इंजिनातली उष्णता आत ओढून घ्यायची. तिने खटका उजवीकडे नेला, आणि मे महिन्यातल्या सव्वादहाच्या उन्हात दोघींच्या पायांवर गरम वाऱ्याचा झोत सुटला. आईने पाय मागे घेतले. साडीच्या काठाला तो वारा लागत होता.

“जरा सोस,” सुरुची म्हणाली. “काटा खाली येईल.”

काटा खाली आला नाही. थांबला, थरथरला, आणि पुन्हा वर निघाला. लाल पट्टी आता जवळ होती. कुठून तरी गरम लोखंडाचा, गोडसर वास यायला लागला. तोच वास. अडीच महिने तो तिच्या नाकात होता. तिने बॉनेटच्या कडांकडे पाहिलं. वाफ नव्हती. अजून नव्हती. तिला वाटलं, आता येणार, आणि पुन्हा तसंच सगळं होणार, फक्त या वेळी वाचवायला कोणी नाही.

“आई, उतर तू. फुटपाथवर जाऊन उभी राहा.”

आई उतरली नाही. ती समोर बघत होती. मग, समोर बघतच, ती किंचित पुढे वाकली. तिचा उजवा हात मांडीवरून सुटला, समोरच्या कप्प्याच्या खाली, गुडघ्यांपलीकडच्या अंधारात गेला. तो चाचपला नाही. जिथे जायचं तिथे थेट गेला.

खट् असा आवाज झाला.

बॉनेटच्या आतून घरघर सुरू झाली.

सुरुचीला काही क्षण कळलं नाही तो आवाज कसला. मग कळलं. पंखा. तिने काट्याकडे पाहिलं. काटा लाल पट्टीच्या अलीकडे अडून राहिला होता. एक मिनिट. दीड. मग, एखादा माणूस मन वळल्यावर मागे फिरतो तसा, तो खाली यायला लागला.

ती वाकून बघायला गेली. आईच्या गुडघ्यांच्या वर, बाहेरून दिसणारच नाही अशा ठिकाणी, प्लायवूडचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला होता आणि त्यावर एक पांढरं बटण. घरातल्या दिव्याचं असतं तसं, साधं.

“आई, हे काय आहे?”

“पंख्याचं बटण.” आईचा हात अजून तिथेच होता. “पंखा आपोआप लावायचा जो सेन्सर असतो तो जळला होता. चार वर्षं झाली. यांनी हे बटण जोडलं. त्यांच्या बाजूला वायरींचा गुंता, जागा नव्हती. म्हणून माझ्या बाजूला. म्हणाले, नाहीतरी तू नुसती बसूनच असतेस.”

पुढची गाडी हातभर सरकली. सुरुचीने क्लच सोडला, दाबला.

“गाडी थांबली की लावायचं,” आई म्हणाली. “सुटली की बंद करायचं. उगाच चालू ठेवलं की बॅटरी खातं म्हणायचे. आधी सांगायचे मला. मग सांगेनासे झाले. माझा हात आपला जायचा.”

सुरुचीने हीटर बंद केला. तिला काही विचारायचं होतं, पण जे विचारायचं त्याचं उत्तर तिच्या डोळ्यांपुढे हलत होतं. उचलून मांडीवर ठेवलेला हात. पुन्हा उचलून ठेवलेला हात.

“मी त्यांचा हात मागे घेतला,” ती म्हणाली. “तीनदा.”

“पाहिलं मी.”

“मग तू—”

“मी मागे होते, सुरुची.” आईचा आवाज चढला नाही. “त्यांचं डोकं धरून बसले होते. मागच्या सीटवर मी कधी बसले का या गाडीत? तिथून मला सगळं वेगळंच दिसत होतं. त्यांचा हात जातोय हे दिसत होतं आणि कशाला जातोय ते सुचत नव्हतं. चार वर्षं लावलेलं बटण. काहून नाही आठवलं? अडीच महिने तेच. काहून नाही आठवलं?”

‘काहून’ हा भंडाऱ्याकडचा शब्द. पुण्यात आल्यापासून आईच्या तोंडी तो क्वचितच यायचा. आजोबा गेले तेव्हा एकदा आला होता.

“कधी आठवलं मग?”

“रिक्षात.” आईने पदराने गळा पुसला. “तू पुढे ड्रायव्हरपाशी होतीस. ते माझ्यावर रेललेले. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि अंगठा हलत होता. असा. वर-खाली, वर-खाली. तेव्हा कळलं मला.”

सुरुची समोर बघत राहिली. बसच्या मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने धुळीत नाव लिहिलं होतं. ती ते नाव वाचत राहिली.

“मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, लावला हो. लावला.”

“मग?”

“मग हात थांबला.”

मागून एक दुचाकीवाला खिडकीशी आला. “ताई, सिग्नल हिरवा झालाय. यापेक्षा जास्त हिरवा होत नाही तो.”

सुरुचीने पहिला गिअर टाकला. नाला ओलांडला. मोकळ्या रस्त्यावर वारा लागला तसं आईने न विचारता बटण बंद केलं, आणि घरघर थांबली. रेसकोर्सच्या भिंतीपाशी आल्यावर आई म्हणाली, “चक्कर येत नव्हती मला त्या दिवशी. तू पार्किंगमध्ये गाडी लावून बसली होतीस तेव्हा.”

“कळलं.”

“तुला सापडलं असतं.”

“हो.”

“तुझी तू जी काय समजूत करून घेतली असतीस ती बरी होती असं वाटलं मला. गाडी जुनी होती, झालं. आणि हे कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, आई होती ना मागे.” तिने पदर सारखा केला. “आणि तुला वाटत असेल हात मागे घेतला, तर तू नुसता मागे नाही घेतलास. धरलास. मी बघत होते मागून. मोठी झाल्यापासून तू त्यांचा हात धरलेला मी पाहिला नव्हता. तेवढं बरं झालं होतं.”

पूलगेटच्या वळणावर सुरुचीला समोरचं धूसर दिसायला लागलं. तिने वेग कमी केला आणि चष्मा वर सरकवला, काही झालं नसल्यासारखा.

स्वारगेटच्या डेपोमागे एका बोळाच्या तोंडाशी दत्तोबाचं गॅरेज होतं. म्हणजे एक पत्रा, एक खड्डा आणि भिंतीवर टांगलेले पाने. दत्तोबा सत्तरीला टेकलेला, मूळचा मांजरी गावचाच, सोसायटीच्या जागी शेत होतं तेव्हापासून लांजेवारांना ओळखणारा. फोनवर सुरुचीने त्याला एवढंच सांगितलं होतं, की गाडी एकदा तापली होती. वेणूबाईंना पाहून तो उठला, स्टूल पुसून पुढे केलं.

“बसा वैनी. भाऊ गेल्याचं कळलं. यायला झालं न्हाय.” त्याने गाडीकडे हनुवटी केली. “काय म्हणतीय म्हातारी?”

“गर्दीत तापते,” सुरुची म्हणाली.

“बटण दाबायचं ऱ्हायलं असंल.” त्याने बॉनेट उघडून काठीचा टेकू दिला. “मी किती येळा म्हणलो, भाऊ, नवा सेन्सर टाकू, अर्ध्या तासाचं काम हाय. तर म्हणाले, राहू दे. आमच्या घरचा सेन्सर कंपनीच्या सेन्सरपेक्षा चांगला हाय.” तो हसला, आणि कोणी हसत नाही हे पाहून खोकला.

वेणूबाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. हात मांडीवर, एकावर एक.

इंजिन निवेपर्यंत दत्तोबाने चहा मागवला. मग फडकं टाकून रेडिएटरचं टोपण सैल केलं, बॅटरी मारून आत पाहिलं, जाळीवरून हात फिरवला. हाताला तांबूस गाळ आला. “बोअरचं पाणी घालत व्हते का अलीकडं?”

“टँकरचं,” सुरुची म्हणाली. “सोसायटीत तेच येतं.”

“तरीच. खारं पाणी. जाळी निम्मी बुजलीय.”

“दत्तोबा,” वेणूबाई म्हणाल्या. आल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. “फेब्रुवारीतली दुपार. गाडीत तीन माणसं. मांजरीपासून कॅम्पापर्यंत गर्दी. हे बटण लावलं असतं, तर पोचली असती का ती?”

दत्तोबाने त्यांच्याकडे पाहिलं. मग सुरुचीकडे. गॅरेजात कोणी काही सांगितलेलं नव्हतं, पण चाळीस वर्षं लोकांच्या बिघडलेल्या गाड्या पाहणाऱ्याला कोणती दुपार, कोणती तीन माणसं, हे समजायला वेळ लागला नाही. तो सुताच्या बोळ्याने हात पुसू लागला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

“न्हाय वैनी,” तो म्हणाला. “ही जाळी बघा की. पंखा लावून काय, वर बर्फाची लादी ठिवली असती तरी उकळलीच असती.”

सुरुची हातातल्या चहाकडे बघत होती. आज मे महिना होता. जाळी हीच होती, हीच निम्मी बुजलेली. लाल पट्टीशी पोचलेला काटा पंखा लागल्यावर दीड मिनिटात मागे फिरला होता आणि पाच मिनिटांत मधल्या रेघेवर आला होता. फेब्रुवारीत त्याहूनही लवकर आला असता. अडीच महिने तिला हवं होतं ते उत्तर आता तिच्याजवळ होतं, स्वच्छ, वजाबाकीसारखं, आणि दत्तोबालाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

“खरंच का गं?” आईने तिला विचारलं. “तू एवढं वाचलंस. तुला काय वाटतं?”

आईच्या बाजूने काटा नीट दिसत नाही. मधे स्टिअरिंग येतं. सकाळी आई सगळा वेळ समोरच बघत होती. पाहिला असेल का तिने? सुरुचीने चहाचा शेवटचा घोट घेतला. तो गार झाला होता.

“मी नुसतं वाचलंय,” ती म्हणाली. “त्यांना जास्त कळतं.”

आईने मान हलवली. पटल्याची होती की ऐकल्याची, ते सांगता आलं नसतं. एकावर एक ठेवलेले हात तिने वेगळे केले आणि चहाचा कप उचलला.

रविवार असल्यामुळे सुट्या भागांची दुकानं बंद होती. उद्या गाडी सोडा, जाळी उघडून साफ करतो, सेन्सर टाकतो, बटण काढून टाकतो, असं दत्तोबा म्हणाला. सुरुचीने आईकडे पाहिलं. उद्या रावसाहेब येणार होते.

“फोन करून सांग त्यांना,” आई म्हणाली. “म्हणावं, गाडी दुरुस्तीला द्यायचीय.”

“आणि विकायचं?”

“दुरुस्तीला द्यायचीय एवढंच सांग. पुढचं विचारलं तर बघू.”

परतताना ऊन डोक्यावर आलं होतं. शंकरशेट रस्त्याने त्या गोळीबार मैदानापर्यंत आल्या आणि चौकात लाल दिवा लागला. पुढे सात-आठ गाड्या. पाठीमागून एक टेम्पो येऊन थांबला. सुरुचीची मान सवयीने काट्याकडे वळायला निघाली. तिने ती वळू दिली नाही. समोर एक माणूस भर उन्हात गाड्यांच्या काचा पुसायची फडकी विकत फिरत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“आई, लाव,” ती म्हणाली.

“केव्हाच लावलाय,” आई म्हणाली. “ऐक की.”